त्रिनिदादमध्ये कमी पैशांत काय आणि कुठे खावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीवरची मंडळी, क्रिकेटच्या दौऱ्यामागे फिरणारे, अमेरिकेतून आठवडाभर येणारे नातेवाईक आणि सेंट ऑगस्टीनच्या विद्यापीठात नव्याने दाखल झालेली मुलं यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. दुकानांची नावं कमी आणि भाग, वेळा, मागायच्या पद्धती जास्त सांगितल्या आहेत. गाडीवाला उद्या कोपरा बदलेल, पण त्याची वेळ आणि मागण्याची रीत बदलत नाही.

कॅरिबियन म्हणजे महागडं प्रकरण ना? इथे स्वस्तात पोट भरतं का?

भरतं, आणि छान भरतं. कॅरिबियनचा महागडेपणा मुख्यतः पर्यटनावर जगणाऱ्या बेटांवरचा. त्रिनिदाद तेल आणि नैसर्गिक वायूवर चालतं, किनाऱ्यावरच्या हॉटेलांवर नाही. रस्त्यावर जे विकलं जातं ते सकाळी कामाला निघालेल्या माणसासाठी असतं, आणि भावही त्यालाच परवडणारे असतात.

अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर मिळतात. म्हणजे एक त्रिनिदादी डॉलर अंदाजे साडेबारा-तेरा रुपयांचा. एका डबल्सला (चण्यांचा तळलेला रस्त्यावरचा पदार्थ, पुढे सांगितलाय) पाच ते आठ त्रिनिदादी डॉलर, भाजीच्या रोटीला तीसच्या आसपास, चिकनच्या रोटीला चाळीस-पन्नास, बकरा किंवा कोळंबी असेल तर त्याहून जास्त, असा हिशोब धरून चाला. पुढचे सगळे भाव त्रिनिदादी डॉलरमध्येच आहेत.

माझं मत विचाराल तर इथे जास्त पैसे मोजून जास्त चांगलं खायला मिळत नाही. हॉटेलच्या बुफेतली करी पर्यटकांच्या जिभेला घाबरून केलेली असते. खरी करी रोटीच्या दुकानात.

डबल्स म्हणजे नेमकं काय? मागायचं कसं?

हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ, तळलेल्या पोळ्या, त्यांना ‘बारा’ म्हणतात. त्यांच्यामध्ये पातळसर शिजवलेले काबुली चणे. वर काकडीचा कीस, चिंचेची चटणी, शाडो बेनीच्या (कोथिंबिरीच्या वासाच्या पानाची) हिरवी चटणी, कैरीचं लोणचं कुचेला आणि मिरचीचा सॉस. प्रिन्सेस टाऊनच्या दीन कुटुंबाने १९३० च्या दशकात हे विकायला सुरुवात केली. आधी एकाच बाऱ्यावर चणे मिळायचे, मग गिऱ्हाइकं दुसरा बारा मागू लागली.

गाडीवाल्याचे हात बघत उभं राहण्यात निम्मी मजा आहे. समोरच्या पेटीत फडक्याखाली वाफाळते बारा. तळहातावर कागद, कागदावर दोन बारा एकमेकांवर जरा सरकवून टाकलेले, त्यावर चमचाभर चणे, मग चार डब्यांतून चार चटण्यांचे फटकारे, आणि शेवटी कागदाची टोकं धरून गर्रकन पिळा. सगळं काही सेकंदांत. समोर दहा माणसं असली तरी रांग हां हां म्हणता पुढे सरकते.

मागताना आकडा आणि तिखटाचं माप, एवढंच सांगायचं: ‘टू, स्लाइट’. तिथेच उभ्याने खायचं. कागद तळहातावर उघडा, वरचा बारा बोटांनी तोडा आणि त्यानेच चणे उचला. चमचा मागू नका, आणि सँडविचसारखं उचलायलाही जाऊ नका, सगळं शर्टावर येईल. पैसे बहुतेक ठिकाणी खाऊन झाल्यावर द्यायचे असतात, तेव्हा किती खाल्ले ते आपणच सांगायचं. अजून हवं असेल तर हात पुढे करून ‘वन मोर’ म्हटलं की झालं.

वेळ महत्त्वाची. पहाटे साडेपाच-सहापासून नऊ-दहापर्यंत एक फेरी, मग संध्याकाळपासून उशिरापर्यंत दुसरी. भर दुपारी डबल्स शोधत हिंडू नका.

तिखट झेपेल का? आम्ही तर कोल्हापूरचे.

कोल्हापूरच्या मंडळींची फजिती मी पाहिलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपला तिखटपणा मसाल्यात शिजलेला असतो, तेल-खोबऱ्याबरोबर येतो. इथे मूळ पदार्थ जवळजवळ सौम्य असतो आणि तिखट वरून पडतं. ते असतं स्कॉच बॉनेट जातीच्या मिरचीचं, कच्चं किंवा जेमतेम उकळलेलं. त्याच घराण्यातली मोरुगा स्कॉर्पियन ही मिरची दक्षिण त्रिनिदादच्या मोरुगा भागातली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिला तेव्हाची जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं, सरासरी १२ लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायच्या) एककांची. रोजच्या सॉसमध्ये ती सहसा नसते, पण तिचे नातेवाईक असतात.

मापं अशी: ‘नो पेपर’, ‘स्लाइट’, ‘मीडियम’, ‘हेवी’. पहिल्या दिवशी ‘स्लाइट’. इथे ‘पेपर’ म्हणजे मिरची, मिरपूड नव्हे. आणि विक्रेत्यासमोर मर्दुमकी गाजवू नका, तो हसत हसत चमचा पूर्ण बुडवतो.

रोटीचं दुकान म्हणजे काय? आपली पोळी-भाजी मिळते का?

नाव ओळखीचं, व्यवहार वेगळा. दुपारी अकरा ते तीन ही खरी वेळ. काउंटरमागे दहा-बारा भांडी मांडलेली असतात: चिकन, बकरा, बदक, कोळंबी, बटाटा-चणे, भोपळा, ‘बोडी’ म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी, आणि कैरीची गोड-आंबट करी. आधी रोटीचा प्रकार सांगायचा, मग आत काय हवं ते.

धालपुरी म्हणजे वाटलेल्या पिवळ्या डाळीचं आणि जिऱ्याचं कोरडं सारण भरलेली मोठी, मऊ रोटी. तिच्यात करी भरून चौकोनी पुडी बांधून देतात, हातात धरून खाता येते. दुसरा प्रकार पराठ्याचा. तव्यावरच दोन लाकडी पट्ट्यांनी मारून मारून त्याच्या चिंध्या करतात, म्हणून त्याला ‘बस अप शट’ म्हणतात, म्हणजे फाटका सदरा. तो करीबरोबर वेगळा मिळतो आणि बसून, हाताने खायचा असतो. एक माणूस एका वेळी संपवेल याची खात्री नाही, दोघांत घ्या.

बकऱ्याच्या आणि बऱ्याचदा चिकनच्या करीत हाडं असतात, आणि तीही धालपुरीच्या आत. दात सांभाळा, किंवा ‘बोनलेस’ आहे का ते आधी विचारा. करी काळपट हिरवी-पिवळी दिसते. लाल तिखट आणि खोबऱ्याचं वाटण नसतं. हळद-धने-जिरे-मेथीचा मसाला पाण्यात कालवून तेलात परततात. हिरव्या वाटणात लसूण, थाइम आणि शाडो बेनी. शाडो बेनी म्हणजे लांब, काटेरी कडांचं पान. वास कोथिंबिरीचाच, पण चौपट.

ही सगळी भोजपुरी परंपरेची मंडळी. भारतीय मजुरांचं पहिलं जहाज, फातेल रझाक, ३० मे १८४५ रोजी इथे लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजारांहून जास्त मजूर करारावर उसाच्या मळ्यांत आले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. त्यामुळे मराठी चवीची अपेक्षा ठेवू नका.

दुकानं कुठे? राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सेंट जेम्स आणि वुडब्रुक, पूर्वेकडे क्युरेप आणि तुनापुना, मध्य त्रिनिदादमध्ये शग्वानास. सेंट जेम्समध्ये दिल्ली, बंगाल, पाटणा अशा नावांच्या गल्ल्या आहेत, तिथून फिरत वेस्टर्न मेन रोडवर आलात की काही ना काही मिळतंच. शहरात मारावल रोडवरचं डॉप्सन्स आणि सेंट जेम्समधलं मोनाज ही जुन्या गिऱ्हाइकांची नावं.

सकाळी डबल्स नको असेल तर?

सादा रोटी आणि चोका. सादा रोटी जाडसर, तव्यावर फुगवलेली, बिनतेलाची. बैगन चोका म्हणजे आपलं वांग्याचं भरीतच, आणि टोमॅटो चोका त्याचाच भाऊ: टोमॅटो विस्तवावर भाजायचे, लसणाबरोबर ठेचायचे आणि वरून कडकडीत तेल ओतायचं. इथल्या तेलकट सकाळींमध्ये एवढा एकच हलका पर्याय, आणि मला स्वतःला डबल्सपेक्षा हाच आवडतो. नऊच्या आत जा, वांगं आधी संपतं.

क्रिओल, म्हणजे आफ्रिकी-युरोपीय वळणाच्या, पद्धतीचा नाश्ता म्हणजे ‘बेक’. तळलेला किंवा नारळ घालून भट्टीत भाजलेला पाव, सोबत खारवलेला मासा.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

कॅरिबियनमधल्या ज्या बेटांवर शाकाहाऱ्याचे सगळ्यांत कमी हाल होतात, त्यांत त्रिनिदाद वरच्या नंबरात धरा. डबल्समध्ये प्राणिज काहीच नसतं. फुलौरी म्हणजे डाळीच्या पिठाची छोटी भजी, चिंचेच्या किंवा कैरीच्या चटणीत बुडवून. आलू पाय (बटाटा भरून तळलेला, ‘पाय’ हा इंग्रजी शब्द), बैगनी, कचोरी, सहीना, भोपळ्याची रोटी, सगळं शाकाहारी. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवणही मांसाशिवाय असतं.

फसगत होते ती क्रिओल काउंटरवर. कल्लालू दिसायला निव्वळ हिरवं कालवण: अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध. पण त्यात खेकडा किंवा डुकराची खारवलेली शेपटी असू शकते. लाल घेवड्यातही तीच शेपटी. मॅकरोनी पायमध्ये (भट्टीत भाजलेली मॅकरोनी-चीज) बहुधा अंडं असतं. ‘मीट आहे का?’ असं विचारू नका, शेपटी पुष्कळांच्या मते मीटमध्ये मोडतच नाही, ती चवीपुरती असते. ‘पिगटेल, क्रॅब, चिकन स्टॉक?’ असं नाव घेऊन विचारा.

जैन पद्धतीचं मात्र कठीण. लसूण सगळीकडे आहे.

डेबेचं एवढं काय कौतुक?

दक्षिणेकडच्या सान फर्नांडो शहराच्याही दक्षिणेला डेबे नावाचं गाव आहे. तिथे मुख्य रस्त्याच्या कडेला तळणाच्या टपऱ्या ओळीने लागलेल्या असतात, आणि फक्त त्यासाठी माणसं उत्तरेकडून तास-दीड तास गाडी हाकत येतात. काचेच्या पेट्यांत ढीग रचलेले असतात आणि कढई मागे पेटलेलीच असते. ढिगातलं घेऊ नका, कढईतून आता काय निघतंय ते विचारा.

सहीना हमखास घ्या. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेली, आपल्या अळूवडीची भोजपुरी मावशी. गूळ-चिंच पिठात नसतं, आंबट-गोड चटणी वरून मधोमध चीर पाडून घालतात. कचोरी आपल्यासारखी खुसखुशीत पुरी नसून वाटलेल्या चण्यांची चपटी वडी असते. आणि ‘गुलाब जामुन’ मागितलात तर पाकातले गोळे येणार नाहीत. लांबट, कोरडी, वरून साखर चढवलेली मिठाई येईल. चहाबरोबर उत्तम लागते. वीस-पंचवीस डॉलरमध्ये नाश्ता होऊन उरेल.

दुपारनंतर गर्दी वाढते. शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळणं हेच मोठं काम.

माराकसचं बेक अँड शार्क खावं का?

माराकस बे हा पोर्ट ऑफ स्पेनपासून डोंगर ओलांडून पाऊण तासावरचा किनारा. तिथे तळलेल्या पावात तळलेला मासा भरून देतात आणि पुढचं आपल्यावर सोडतात: लांबलचक टेबलावर कोबी, काकडी, अननस, लसणाचा सॉस, चिंच, शाडो बेनी. रिचर्ड्सची रांग सगळ्यांत मोठी, पण शेजारच्या टपऱ्याही तोच माल चांगला देतात. मी रांग बघून टपरी ठरवतो, नावावरून नाही.

शार्कबद्दल माझा आग्रह उलटा आहे. शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं कमी देतात आणि जगभर त्यांची संख्या घटते आहे. त्याच काउंटरवर किंगफिश, म्हणजे सुरमईच्या घराण्यातला मासा, मिळतो. ‘बेक अँड किंगफिश’ म्हणा. चवीत तोटा तर नाहीच, मला फायदाच वाटतो.

वाटेवर डोंगरमाथ्यावर थांबा असतो, तिथे ‘चाओ’ घ्या. कैरी किंवा अननसाच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची, शाडो बेनी लावलेली. आणि ‘रेड मँगो’ म्हणून लालभडक, गोड-आंबट, खारवलेल्या कैऱ्या. बोटं दोन दिवस लाल राहतात. सार्वजनिक वाहन तुरळक आहे, परतीचं आधी ठरवून मगच निघा.

मॅच बघायला येतोय. ओव्हलच्या आसपास काय मिळेल?

क्वीन्स पार्क ओव्हल वुडब्रुकला खेटून आहे, म्हणजे खाण्याच्या दृष्टीने शहरातल्या उत्तम जागी. मॅचच्या दिवशी दारातच डबल्स, नारळपाणी, शेंगदाणे. सुनील गावसकरांनी ६ मार्च १९७१ ला पहिली कसोटी इथेच खेळली, अजित वाडेकरांच्या संघाने ती जिंकली आणि वेस्ट इंडिजवरचा भारताचा तो पहिला कसोटी विजय ठरला. त्याच मालिकेची अखेरची कसोटीही याच मैदानावर झाली, गावसकरांच्या १२४ आणि २२० धावांची. तुम्ही भारतातून आलात हे कळल्यावर पन्नाशी-साठीतला डबल्सवाला गावसकरांवर गप्पा सुरू करतो. त्याच्याशी वाद घालू नका, चणे जास्त पडतात.

मॅच दक्षिणेला तारूबाच्या ब्रायन लारा स्टेडियमवर असेल, तर तिथून डेबे जवळ आहे. दिवस तसा आखा.

जहाज पॉइंट लिसासला लागलंय, हातात तीन-चार तास आहेत. कुठे जाऊ?

अमोनिया-मिथेनॉलच्या टँकरवरच्या मुलांचा हा ठरलेला प्रश्न. पोर्ट ऑफ स्पेनला जायच्या भानगडीत पडू नका, महामार्गावर अडकलात तर जीव टांगणीला. बंदराच्या लगत कूव्हा गाव आहे, तिथे डबल्स आणि रोटी दोन्ही मिळतात. वेळ हातात असेल तर शग्वानास, बाजारपेठ मोठी आहे. एजंटाच्या ड्रायव्हरला ‘तू स्वतः कुठे खातोस?’ असं विचारा, हॉटेल विचारलंत तर तो तुम्हाला एसीच्या मॉलमध्ये नेऊन सोडेल. क्रूला न्यायचं असेल तर धालपुरीची पुडी चार-पाच तास छान राहते. डबल्स मात्र वाटेतच लगदा होतात.

रात्री उशिरा भूक लागली तर?

पोर्ट ऑफ स्पेनमधल्या क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या कडेला संध्याकाळनंतर गाड्या लागतात: मक्याचं सूप, नारळपाणी, भाजलेलं कणीस, जर्क चिकन, रोटी. मक्याचं सूप म्हणजे डाळीत शिजवलेले कणसाचे तुकडे आणि पिठाचे डम्पलिंग, नाचून थकलेल्यांसाठी मध्यरात्रीचं औषध. आरियापिटा अव्हेन्यूवर बार आणि गायरोच्या (पावात गुंडाळलेल्या मांसाच्या) गाड्या. बारमध्ये दारूबरोबरच्या चखण्याला ‘कटर्स’ म्हणतात, दोघांचं जेवण त्यात निघतं.

पण रात्री पायी भटकू नका. गुन्हेगारी हा इथला खरा प्रश्न आहे, स्थानिक लोकही काळजी घेतात. ओळखीची टॅक्सी, गर्दीचा भाग, फोन खिशात.

दुपारी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बसून जेवायचं असेल तर?

बंदराच्या काठी राइट्सन रोडवर ‘ब्रेकफास्ट शेड’ आहे. एका छताखाली बायकांचे स्टॉल, समोर पाणी, बाकावर बसून जेवायचं. मासा, पेलाव, कल्लालू, मॅकरोनी पाय, उकडलेली कंदमुळं, सगळं एका ताटात येतं आणि ताट जड असतं. पेलाव म्हणजे साखर जाळून त्यात परतलेलं चिकन, भात आणि तुरीचे ओले दाणे.

टोबॅगोला जातोय, तिथे काय?

टोबॅगो हे त्रिनिदादच्या जोडीचं बेट. तिथे स्टोअर बे हा किनारा गाठा, विमानतळापासून चालत. बायकांच्या टपऱ्यांची ओळ, करी क्रॅब अँड डम्पलिंग. खेकडा हाताने फोडायचा आहे, तेव्हा पांढरा शर्ट नको. डबल्सची सवय मात्र त्रिनिदादमध्येच पुरवून घ्या.

पाणी, स्वच्छता?

खाद्यविक्रेत्याला आरोग्य खात्याकडून ‘फूड बॅज’ काढावा लागतो, गळ्यात किंवा खिशाला अडकवलेला दिसेल. नळाचं पाणी शुद्ध केलेलं असतं, पण पहिले दोन दिवस बाटलीचं प्या. गर्दीची गाडी निवडली की निम्मी काळजी मिटते.

प्यायला काय?

रोटीबरोबर लाल सोलो हे शीतपेय, हा इथला जवळपास नियम. मॉबी हे पेय झाडाच्या सालीपासून करतात, आधी गोड आणि मग कडू. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला सवय. नाताळात सॉरेल, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. मद्य न घेणाऱ्यांनी ‘एलएलबी’ मागावं, लिंबू-सोडा आणि अँगोस्टुरा बिटर्स. बिटर्समध्ये मद्यार्क असतो, थेंबभर का होईना, हे ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवावं.

रोख लागते का? टिप?

गाडीवर रोखच, आणि सुट्टे. शंभराची नोट सकाळी सहाला पुढे केलीत तर मागची रांग बोलेल. गाडीवर टिप नसते. रेस्टॉरंटच्या बिलावर साडेबारा टक्के व्हॅट आणि बऱ्याचदा दहा टक्के सेवाशुल्क चढतं.

पैशांपेक्षा ‘गुड मॉर्निंग’ जास्त लागतं. दुकानात, टॅक्सीत, गाडीसमोर आधी नमस्कार, मग मागणी. अंधार पडल्यावर ‘गुड नाइट’ हेही भेटतानाचंच बोलणं आहे, कुणी निरोप देत नाहीये. बायकांना ‘आँटी’, पुरुषांना ‘बॉस’ चालतं.

कोणत्या दिवसांत यावं किंवा येऊ नये?

रविवारी बरीच रोटीची दुकानं बंद असतात. कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारी शहरात रस्ते बंद आणि राहण्याचे दर गगनाला. खाणं मात्र मुबलक. खाण्यासाठी म्हणून यायचं असेल तर दिवाळीच्या आधीचे दिवस गाठा. शग्वानासला दिवाळी नगर भरतं, तिथलं सगळं खाणं शाकाहारी. आणि एखाद्या कुटुंबाने पूजेला बोलावलं तर नाही म्हणू नका: सोहारीच्या मोठ्या पानावर भात, डाळ आणि सात भाज्या, ज्यांत भोपळा, कैरी, चणे-बटाटे हमखास. हे जेवण विकत मिळणं अवघड.

परत नेण्यासारखं काय?

कुचेला. किसलेली कैरी वाळवून मसाला आणि मोहरीच्या तेलात मुरवलेलं लोणचं. बाजारात घरगुती बाटल्या मिळतात. झाकणाला चिकटपट्टी लावा, दोन पिशव्यांत घाला आणि मोठ्या बॅगेत टाका, केबिन बॅगेतून सुरक्षा तपासणीत जाणार नाही. मिरचीच्या सॉसचंही तेच, फक्त पिशव्या तीन.